गल्लीतल्या गुरख्याचं नाव काय?

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. पाचोऱ्याहून बहिणीचा फोन आला. "दादा, टीव्ही लाव. परधाड्याजवळ गाडीखाली माणसं गेली. खूप जण आहेत म्हणतात."

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मध्ये थांबली. डब्याला आग लागल्याची आवई उठली होती. साखळी ओढली गेली. जनरल डब्यातली माणसं जीव वाचवायला खाली उतरली, त्यातली काही शेजारच्या रुळावर गेली. त्याच रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. १३ माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती.

रात्री उशिरा बातम्यांत कळलं की मेलेल्यांत नेपाळचे लोकही आहेत. मुंबईकडे पोटापाण्यासाठी निघालेले.

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आपला बहादूर पण गावी गेलाय ना? याच दिवसांत यायचा होता."

मी धुळ्यात देवपूरला राहतो. आमच्या कॉलनीत साठेक घरं. बहादूर आमचा रात्रीचा गुरखा. चौदा वर्षं झाली, हातात काठी, गळ्यात शिट्टी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दारात येतो. आधी घरटी वीस रुपये होते, आता पन्नास. दिवाळीला फराळ आणि जुना स्वेटर. तो दरवर्षी लखनौवरूनच ये-जा करतो हे मला माहीत होतं. मुंबईच्या गाडीत बसायचं, वाटेत उतरायचं आणि एसटीने धुळं गाठायचं, असा त्याचा ठरलेला रस्ता.

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: "बहादूरचा नंबर कोणाकडे आहे?" एकाकडे निघाला. बंद. त्याचा नेपाळचा नंबर? नाही. गावाचं नाव? "नेपाळ." घरी कोण आहे? "असतील बायको-पोरं." बरं, त्याचं पूर्ण नाव तरी?

ग्रुपवर साठ घरं. रिटायर्ड मास्तर, बँकवाले, एक वकील, दोन डॉक्टर. चौदा वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर आपण कुलूप लावून लग्नाला जातो, त्याचं नाव एकालाही सांगता आलं नाही. कारण बहादूर हे त्याचं नाव नाही. आपण सगळ्याच गुरख्यांना बहादूर म्हणतो. मालेगाव रोडच्या गुरख्यालाही बहादूर आणि साक्री रोडच्याही.

तो बारा दिवसांनी आला. धडधाकट. आई आजारी होती म्हणून उशीर झाला, एवढंच. पण ते बारा दिवस एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. समजा तो त्या तेरा जणांत असता, तर पोलिसांना आम्ही काय सांगितलं असतं? "साहेब, आमचा एक बहादूर आहे"?

ही पोस्ट त्या बारा दिवसांबद्दल आहे. लांब आहे, पण जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

दार उघडं, वही कोरी

पहिल्यांदा हे समजून घेऊ की हे लोक इथे येतात कसे. बेकायदा येत नाहीत. ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळने शांतता आणि मैत्रीचा करार केला. त्याच्या सातव्या कलमात आहे की एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायला, मालमत्ता घ्यायला, व्यापार करायला, ये-जा करायला तिथल्या माणसासारखीच मोकळीक. म्हणून नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही. काम करायला परमिट लागत नाही. आपल्यालाही तिकडे जायला लागत नाही. बहादूर नेपाळगंजहून रुपईडीहाला सीमा ओलांडतो, बस पकडून लखनौला येतो आणि तिथून आपल्याकडे. कोणी त्याला अडवत नाही.

जगात अशी उघडी सीमा फार थोडी आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. दलाल नाही, कर्ज काढून व्हिसा घेणं नाही, समुद्रात बुडणं नाही.

पण त्या उघड्या दारात वही ठेवायची राहून गेली. कोण आला, कुठे गेला, कोणाकडे काम करतो, मेला तर कोणाला कळवायचं, याची नोंद ना इकडे ना तिकडे.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे २२ लाख माणसं देशाबाहेर असल्याचं दिसलं. त्यातला साधारण तिसरा हिस्सा भारतात. आता यातली गंमत बघा. नेपाळी माणूस कतारला किंवा मलेशियाला जातो तेव्हा त्याचं सरकार त्याला श्रम परवाना देतं. त्याच्याबरोबर विमा येतो, कल्याण निधी येतो. तो तिकडे मेला तर घरच्यांना त्या निधीतून मदत मिळते. तोच माणूस भारतात आला तर यातलं काहीच नाही, कारण भारतासाठी परवाना लागतच नाही. परवाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून निधी नाही.

आणि आपल्या बाजूने? असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. त्याला आधार लागतं. बांधकाम कामगार मंडळ असो नाहीतर अपघात विमा, सगळीकडे आधार आणि त्याला जोडलेलं बँक खातं. आमच्या बहादूरकडे त्याच्या जिल्ह्यातून मिळालेला नेपाळी नागरिकत्वाचा दाखला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. आपल्याकडच्या बहुतेक खिडक्यांवर त्या कागदाकडे बघून मान हलवतात.

म्हणजे दोन देशांनी त्याला दार उघडून दिलं आणि दोघांनीही पाठ फिरवली.

वर्दीतला गुरखा आणि गल्लीतला गुरखा

कोणी म्हणेल, परक्या देशातल्या माणसाचं आपण किती करायचं? शक्य तरी आहे का?

शक्य आहे, आणि आपला देश ते सत्तर वर्षांपासून करतोय. १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात गुरखा सैनिकांबद्दल करार झाला. भारताच्या गोरखा रेजिमेंटांमध्ये नेपाळचे नागरिक लढले. तो सैनिक रिटायर होऊन डोंगरातल्या गावी गेला की त्याची पेन्शन भारत सरकार नेपाळमध्ये पोचवतं. त्यासाठी काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन कार्यालयं आहेत. सैनिक गेला तर त्याच्या विधवेला पेन्शन. नाव, गाव, वारस, सगळं कागदावर.

एकाच जिल्ह्यातले, कदाचित एकाच गावातले दोन भाऊ. एक भरतीत निवडला गेला, दुसरा छातीत दोन सेंटिमीटर कमी भरला. पहिल्याच्या म्हातारपणाची सोय दोन देशांच्या सरकारांनी मिळून केली. दुसरा धुळ्याच्या गल्लीत शिट्टी वाजवतो, आणि त्याचं खरं नाव साठ घरांना माहीत नाही.

तेव्हा यंत्रणा उभी करता येत नाही हे कारण चालणार नाही. सैनिकांसाठी ती उभी आहे. राखणदारासाठी उभी करावी असं कोणाला वाटलं नाही, एवढंच.

आपणही बाहेरचेच आहोत

आता आपल्या स्वतःच्या घरात बघू. खान्देशात असं घर दाखवा ज्यातला एक माणूस सुरतेला नाही. माझे दोन मामा उधन्याला. मावसभाऊ लिंबायतला. आमच्या लहानपणी एखादा पोरगा दहावीला नापास झाला की महिनाभरात कानावर यायचं, "तो सुरतले गया." भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत अख्खी गावं तिकडे गेली. लूमवर राबली, साड्यांच्या मार्केटमध्ये पार्सलं वाहिली. आज तिथे अहिराणी ऐकायला मिळते, कानबाई बसते, आपली माणसं नगरसेवक होतात, आमदार होतात. सी. आर. पाटील तर जळगाव जिल्ह्यात जन्मले आणि गुजरातमधून खासदार झाले, आज केंद्रात मंत्री आहेत.

हे का झालं? कारण सुरतेला गेलेल्या आपल्या माणसाला कागद मिळाले. मतदार यादीत नाव, रेशन कार्ड, पोरांना शाळा. त्याला पन्नास वर्षं लागली, पण झालं. आता तर एक देश एक रेशन कार्ड योजनेत शिरपूरचं कार्ड सुरतेच्या दुकानातही चालू शकतं. हक्क माणसाबरोबर प्रवास करू शकतो, हे आपण देशाच्या आत करून दाखवलं आहे.

सगळ्यांचं झालं असं मात्र नाही. शिरपूर-चोपड्याकडचे पावरा बांधव दरवर्षी कामासाठी गुजरातेत जातात, ऊसतोडीला जातात. त्यांच्या पोरांची शाळा दरवर्षी मधेच तुटते.

आता परदेशात गेलेला आपला माणूस बघा. माझा एक चुलतभाऊ २०१६ मध्ये आखातात ड्रायव्हर म्हणून गेला. एका एजंटने सत्तर हजार घेतले. सांगितला एक पगार, तिथे मिळाला दुसरा. पण तो दहावी नापास, त्यामुळे त्याचा पासपोर्ट ईसीआर. म्हणजे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली आखातात कामाला जायला सरकारची परवानगी बंधनकारक. त्या परवानगीसाठी कामाचा करार पोर्टलवर चढवावा लागला. आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागला. दोन वर्षांचे पावणेतीनशे रुपये, अपघाती मृत्यू झाला तर दहा लाख.

भाऊने पगाराची तक्रार केली तेव्हा दाखवायला करार होता. वकिलातीत जायला नंबर होता. पगार पूर्ण सुटला नाही, एजंटने पैसे परत केले नाहीत, पण तो एकटा पडला नाही. त्याच्या हातात कागद होता, म्हणून समोरच्याला उत्तर द्यावं लागलं.

कुवेतमध्ये १२ जून २०२४ ला मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय गेले. दोन दिवसांत आपलं हवाई दलाचं विमान मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. वर्षानुवर्षं भांडून, केरळसारख्या राज्याने रेटा लावून, ही सवय आपल्या सरकारला लागली आहे.

आपण आखातातल्या आपल्या भावासाठी जे मागतो, तेच बहादूरसाठी मागायला काय हरकत आहे? कुवेतमधल्या मालकाने आपल्या माणसाचं नाव लिहून ठेवावं अशी आपली अपेक्षा. मग आपणही बहादूरचे मालकच आहोत की. पन्नास रुपयांचे असलो तरी.

जग काय म्हणतं

१९ डिसेंबर २०१८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्थलांतराबद्दलचा जागतिक करारनामा मंजूर केला. १५२ देश बाजूने, ५ विरोधात, १२ तटस्थ. अमेरिका विरोधात होती. भारत बाजूने होता. त्याआधी दहाच दिवस मोरोक्कोच्या माराकेश शहरात देशोदेशीचे प्रतिनिधी यासाठी जमले होते.

त्यात २३ उद्दिष्टं आहेत. सगळी सांगत बसत नाही, चारच सांगतो. प्रत्येक स्थलांतरिताकडे ओळखीचा कागद असावा. कामावर घेताना फसवणूक होऊ नये. वाटेत जीव जाऊ नये, आणि गेलाच तर ओळख पटवून घरच्यांना कळवावं. कमावलेले सामाजिक सुरक्षेचे हक्क माणसाबरोबर दुसऱ्या देशात जावेत.

हे चार मुद्दे वाचले आणि मला परधाड्याचा रूळ दिसला.

हा करारनामा कायद्याने बांधत नाही. सीमेवर कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हा हक्क प्रत्येक देशाचा, असं त्यातच लिहिलं आहे. म्हणून "परदेशी लोक येऊन आपल्यावर कायदे लादतात" ही भीती खोटी आहे. पण हेही खरं की नुसतं मत देऊन काही होत नाही. खरं काम दोन शेजारी देशांनी बसून करायचं असतं.

आणि असं काम आपण इतरांशी करतोच. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, जपान धरून वीसेक देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या इंजिनिअरचे पेन्शनचे पैसे बुडू नयेत म्हणून. जर्मनीशी २०२२ मध्ये स्थलांतर आणि ये-जा यावर वेगळा करार झाला. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. आपल्याकडचीही पोरं त्या आशेने जर्मन भाषा शिकायला लागली. चांगलंच आहे.

पण ज्या देशाशी सीमा उघडी आहे, जिथून लाखो माणसं रोजीसाठी येतात, त्या नेपाळशी असा करार नाही.

प्रयत्न झाला नाही असंही नाही. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मिळून जाणत्या माणसांचा गट नेमला. चार इकडचे, चार तिकडचे. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे नंतर आपले राज्यपाल झाले. १९५० चा करार, सीमा, सगळं त्यांनी तपासलं. २०१८ मध्ये अहवाल तयार झाला. दोन्ही सरकारांनी तो अजून हातात घेतलेला नाही. ज्या वर्षी आपण जगासमोर स्थलांतरितांच्या बाजूने हात वर केला, त्याच वर्षीचा शेजाऱ्यासोबतचा अहवाल तसाच पडून आहे.

तुम्ही विचाराल ते तीन प्रश्न

एक. "आपल्याच पोरांना काम नाही, यांचे हक्क कशाला?"

राग समजतो. माझाही पुतण्या बी.कॉम. होऊन घरी बसला आहे. पण थोडा विचार करा. मालक नोंद नसलेला माणूस का ठेवतो? तो कमी पैशात, जास्त तास, सुट्टी न घेता राबतो म्हणून. हॉटेलातला आचारी, चायनीजच्या गाडीवरचा पोरगा, हायवेच्या ढाब्यावर भांडी घासणारा, यांना किमान वेतन द्यावं लागलं आणि विमा भरावा लागला, तर स्वस्तात राबवायचा फायदाच संपतो. मग आपल्या पोराचा पगारही पडत नाही. बिनकागदाचा कामगार सगळ्यांचा भाव पाडतो. त्याला कागद दिला तर आपलाही भाव सावरतो.

दोन. "नोंद झाली की पोलीस त्रास देतील."

ही भीती खरी आहे, आणि ती बहादूरलाच जास्त आहे. वेगळी बोली बोलणारा, वेगळ्या चेहऱ्याचा माणूस दिसला की आजकाल आधी संशय येतो. म्हणून नोंद पोलिसांकडे नको, कामगार खात्याकडे हवी. आणि नोंदीचा त्याला फायदा दिसला पाहिजे. नोंद केली की विमा मिळतो, असं असेल तर तो स्वतः रांगेत उभा राहील. नोंद केली की चौकशी, असं असेल तर तो लपेल. साधा हिशोब आहे.

तीन. "परदेशी माणसाला भारतात हक्क असतात का?"

असतात. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात जीविताचा हक्क 'व्यक्ती'ला दिला आहे, फक्त नागरिकाला नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात हेच सांगितलं. हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात तिच्यावर अत्याचार झाला होता. रेल्वेने तिला दहा लाख रुपये द्यावेत हा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. परधाड्याच्या अपघातातही राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख आणि रेल्वेने दीड लाख जाहीर केले. हे योग्यच झालं. पण मदत जाहीर होणं आणि डोंगरातल्या एखाद्या आईने धुळे-जळगावच्या कागदांशी झगडून ती मिळवणं, यात किती अंतर असतं ते, ज्यांनी आपल्या तहसीलमध्ये वारस दाखला काढला आहे, त्यांना मी सांगायची गरज नाही.

आपण आधी पण हे पाहिलं आहे

मे २०२० आठवा. मुंबई-आग्रा हायवेवर धुळ्यातून, शिरपूरमधून माणसांचे लोंढे चालत होते. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशच्या सीमेवर बिजासन घाटात हजारो अडकले होते. तेव्हा आपल्या लोकांनी रस्त्यावर भाकरी आणि चपला वाटल्या. मी स्वतः पाहिलं आहे. खान्देशी माणसाचा हात आखडता नाही.

त्याच महिन्यात, ८ मे च्या पहाटे, करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशचे होते, जालन्याहून निघाले होते. कुठे जात होते ठाऊक आहे ना? आपल्या भुसावळला. तिथून गाडी मिळेल या आशेने रुळावरून चालत होते, थकून रुळावरच झोपले.

२०२० मध्ये १६, २०२५ मध्ये १३. दोन्ही वेळा खान्देशकडे येणारा किंवा खान्देशातून जाणारा रूळ. भाकरी वाटण्यात आपण कमी पडत नाही. पण भाकरी त्या दिवसापुरती पुरते. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं नाव काय होतं, तो कोणाकडे कामाला होता, त्याच्या बायकोला आता कोण काय देणार, हे विचारायला आपण थांबत नाही.

काय करता येईल

मोठ्या मागण्या आधी. जळगाव, रावेर आणि धुळे, आपले तीन खासदार दिल्लीत आहेत. अपघात आपल्या हद्दीत झाला आहे. त्यामुळे हा प्रश्न संसदेत विचारायचा पहिला हक्क आपला. मागणी तीन ओळींत मावते. नेपाळशी कामगारांबद्दल करार करा. रुपईडीहा, सोनौलीसारख्या नाक्यांवर ऐच्छिक नोंदणीची खिडकी उघडा. आणि दोन्ही देश मिळून आखातासारखा स्वस्त अपघात विमा द्या. पावणेतीनशे रुपयांत कुवेतला जाणाऱ्याचा विमा निघत असेल, तर धुळ्याला येणाऱ्याचा का निघू नये?

आता छोट्या गोष्टी, ज्यांना दिल्ली लागत नाही.

आम्ही कॉलनीत एक केलं. बहादूरला बसवून घेतलं, चहा दिला आणि एका कागदावर लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, जिल्हा (दैलेख निघाला), बायकोचं नाव, घरचा नेपाळचा नंबर, नागरिकत्वाच्या दाखल्याचा क्रमांक. खाली लिहिलं की हा माणूस इतक्या वर्षांपासून आमच्याकडे रात्री राखणीला आहे आणि महिन्याला इतके पैसे घेतो. कॉलनीच्या सेक्रेटरींनी सही केली. एक प्रत त्याच्याकडे, एक आमच्याकडे, आणि फोटो त्याच्या मोबाईलवर. अर्धा तास लागला.

दुसरं, घरटी वीस रुपये वाढवले. ते त्याच्या हातात द्यायचे नाहीत, त्याच्या नावाने बाजूला ठेवायचे. दवाखाना लागला किंवा अचानक गावी जावं लागलं तर. साठ घरांचे महिन्याला बाराशे होतात. वर्षाला चौदा हजार चारशे. चौदा वर्षं आधी सुरू केलं असतं तर आज दोन लाख झाले असते. हा हिशोब वकीलसाहेबांनी मांडला तेव्हा मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही.

हॉटेल असोसिएशन, व्यापारी मंडळं, मोठ्या सोसायट्या, तुम्ही ठरवलं तर हे महिनाभरात दोन्ही जिल्ह्यांत होऊ शकतं. कामगार अधिकाऱ्यांना एक निवेदन द्या की अशा यादीची प्रत तुम्ही ठेवून घ्या. ते काय म्हणतात बघू.

कागद लिहून झाल्यावर बहादूरने तो दोनदा वाचून घेतला. त्याला मराठी बोलता येतं, वाचायला थोडं अडखळतो. मग विचारलं, "साहेब, हे कशाला?" मी रेल्वेचं सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या शेजारच्या गावचा एक जण आठ वर्षांपूर्वी भारतात कामाला आला होता. कुठल्या शहरात, ते घरच्यांना नक्की माहीत नाही. फोन बंद झाला. बायको अजून कुंकू लावते, कारण तो गेला असं कोणी सांगितलेलं नाही.

मी इथे बहादूरचं खरं नाव लिहीत नाही. फेसबुकवर टाकू का, असं त्याला विचारलेलं नाही. पण आता कॉलनीत आम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारतो. पहिल्या दिवशी दोनदा हाक मारली तरी त्याने वळून पाहिलं नाही. सवयच नव्हती.

आज रात्री तुमच्या गल्लीत शिट्टी वाजली की खिडकी बंद करायच्या आधी जरा बाहेर या आणि एवढंच विचारा: "भाऊ, तुमचं नाव काय? गावाकडे कोण कोण असतं?"